हिशेब ठेवणारा शल्यविशारद

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील कवठे महांकाळ तालुका पिढ्यान्‌पिढ्या अवर्षणप्रवण म्हणून ओळखला गेला. म्हैसाळ योजनेने कृष्णेचे पाणी चढवून आणले, माळरानांवर द्राक्षबागा उभ्या राहिल्या, परंतु एका बाबतीत फारसा पालट झाला नाही. दुखणे साधे असेपर्यंत ते गावात निभावते. ते हाताबाहेर गेले की मिरजेची वाट धरावी लागते. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशनचे रुग्णालय उभे केले, तेव्हापासून पूर्वेकडच्या दुष्काळी गावांची ही वहिवाट पडलेली आहे.

या वाटेने जाणाऱ्या रुग्णांपैकी ज्याच्या मेंदूत गाठ असते, त्याची कथा बहुधा एकाच ठरावीक क्रमाने घडते. प्रथम पहाटेच्या वेळी डोके दुखते. मग उलट्या होतात, नजर मंदावते, चष्म्याचा नंबर बदलून पाहिला जातो. एके दिवशी फिट येते आणि घरातील वडीलधारी मंडळी देवर्षीकडे धाव घेतात. मिरजेत किंवा मुंबईत निदान होते, कवटी उघडून गाठ काढली जाते आणि रुग्ण फिल्मांनी भरलेली पिशवी घेऊन घरी परततो. पुन्हा दाखवण्यास येण्याची तारीख कागदावर लिहिलेली असते. ती तारीख नेमकी ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत येते, सोबत जाणाऱ्याची मजुरी बुडणार असते आणि रुग्णाला तर बरे वाटत असते. तो जात नाही. रुग्णालयाच्या दप्तरात त्याच्या नावापुढचा रकाना कोरा राहतो.

हा कोरा रकाना म्हणजे किरकोळ कारकुनी उणीव नव्हे. मेंदूतील गाठींवर आज जे उपचार होतात, त्यांचा पाया ज्या एका माणसाने घातला, त्याने आपले निम्मे आयुष्य असले रकाने भरण्यात खर्च केले. डॉ. हार्वे कुशिंग हे त्याचे नाव. शस्त्र चालवणाऱ्या हातांचे कौतुक जगाने पुष्कळ केले. परंतु त्या हातांना शहाणे करणारी जी हिशेबाची वही होती, तिच्याकडे लक्ष जावे तितके गेलेले नाही.

कुशिंग यांचा जन्म ८ एप्रिल १८६९ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातील क्लीव्हलँड येथे झाला. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील, आजोबा आणि पणजोबा तिघेही डॉक्टर असल्याने वैद्यक हा घराण्याचाच व्यवसाय होता. येल विद्यापीठातून १८९१ मध्ये पदवी घेऊन ते हार्वर्डच्या वैद्यक महाविद्यालयात दाखल झाले. तेथे त्यांच्या आयुष्याला वळण लावणारा प्रसंग घडला. त्या काळी शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्याचे काम नवख्या विद्यार्थ्यांकडे सोपवीत. कुशिंग यांनी ईथर देण्यास प्रारंभ केला आणि शस्त्रक्रिया चालू असतानाच रुग्ण दगावला. तरुण कुशिंग इतके हादरले की वैद्यकाचा अभ्यासच सोडून द्यावा, असा विचार त्यांच्या मनात आला. वरिष्ठांच्या लेखी मात्र ही नित्याची बाब होती. असे मृत्यू होत असत आणि ते कोठे मांडून ठेवण्याची रीत नव्हती.

कुशिंग यांनी अभ्यास सोडला नाही. अर्नेस्ट अमोरी कॉडमन या सहाध्यायाबरोबर त्यांनी एक साधी युक्ती काढली. भूल देत असताना दर काही मिनिटांनी रुग्णाची नाडी व श्वास मोजायचा आणि आखलेल्या कागदावर त्याची नोंद करायची. कोणाचा रुग्ण अधिक सुखरूप शुद्धीवर येतो, अशी पैजही या दोघा मित्रांनी लावली होती. आज जगातील प्रत्येक शस्त्रक्रियागृहात भूलतज्ज्ञ जो तक्ता भरतो, त्याचा उगम १८९४ च्या सुमाराच्या या कागदात आहे. एका अज्ञात रुग्णाचा मृत्यू विसरून न जाता त्यातून मोजमापाची शिस्त निर्माण करणे, हा कुशिंग यांच्या पुढील आयुष्याचा जणू आराखडाच होता.

पुढे १८९६ मध्ये ते बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हाल्स्टेड यांच्या हाताखाली रुजू झाले. हाल्स्टेड यांची शस्त्रक्रिया अतिशय संथ, रक्ताचा थेंबही वाया जाऊ न देणारी आणि शरीराच्या ऊतींना हळुवार हाताळणारी होती. कुशिंग यांनी ती शैली आत्मसात केली. १९०० मध्ये ते वर्षभरासाठी युरोपात गेले. बर्न येथे थिओडोर कोखर यांच्या सहवासात त्यांनी कवटीतील दाब वाढला असता काय घडते, याचे प्रयोग केले. दाब वाढत गेला की रक्तदाब चढतो आणि नाडी मंदावते, हे त्यांनी दाखवून दिले. ही प्रतिक्रिया आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते आणि डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या उशाशी बसलेला डॉक्टर तिच्यावर नजर ठेवून असतो. इटलीतील पाव्हिया येथे त्यांनी रिव्हा-रोची यांचे रक्तदाब मोजण्याचे उपकरण पाहिले आणि १९०१ मध्ये ते बाल्टिमोरला आणले. मोजता येईल ते मोजावे, हा त्यांचा स्वभावच बनून गेला होता.

मेंदूच्या गाठींकडे ते वळले तेव्हा परिस्थिती काय होती, हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. १८८४ मध्ये लंडनमध्ये रिकमन गॉडली यांनी एका तरुण शेतकऱ्याच्या मेंदूतील गाठ केवळ लक्षणांवरून ठरवलेल्या जागी कवटी उघडून काढली होती. गाठ निघाली, पण जखम दूषित होऊन सुमारे महिनाभरात रुग्ण दगावला. त्यानंतरच्या वीस वर्षांत अनेक शल्यविशारदांनी हे धाडस करून पाहिले आणि बहुतेकांनी ते सोडून दिले. कवटी उघडताच आतील दाबाखाली असलेला मेंदू बाहेर उसळे, रक्त थांबता थांबत नसे आणि गाठ नेमकी कोठे आहे हे कित्येकदा सापडतच नसे. रुग्ण जगणे हा अपवाद होता. अशा विषयाला आयुष्य वाहून घेण्याचा निर्णय कोणाही हिशेबी माणसाला वेडेपणाचा वाटावा. कुशिंग यांचे आरंभीचे रुग्णही एकामागून एक मृत्यू पावले.

त्यांचे वेगळेपण येथे दिसून येते. प्रत्येक रुग्णाची सविस्तर हकिकत ते लिहून ठेवीत. शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर छायाचित्रे काढून घेत. शस्त्रक्रिया संपली की थकलेल्या हातांनीच आत काय आढळले, त्याचे रेखाचित्र काढीत. काढलेली गाठ काचेच्या बरणीत जतन करून सूक्ष्मदर्शकाखाली तपासली जाई. रुग्ण दगावल्यास शवविच्छेदन करून कारण शोधले जाई. रुग्ण वाचल्यास त्याने दर वर्षी पत्र लिहून आपली प्रकृती कळवावी, असा आग्रह असे. गाठ सूक्ष्मदर्शकाखाली सिद्ध झाल्याखेरीज ती हिशेबात धरायची नाही आणि मृत्यू मात्र एकही वगळायचा नाही, हा नियम त्यांनी कटाक्षाने पाळला.

या नोंदींतून काय साधले? कोणत्या टप्प्यावर रुग्ण हातचे जातात, हे दिसू लागले. रक्तस्रावाने मृत्यू होत असल्याचे आकडे सांगू लागले, तेव्हा १९११ मध्ये त्यांनी रक्तवाहिनी चिमटण्यासाठी चांदीच्या बारीक चापांचा उपयोग सुरू केला. पुढे १९२६ मध्ये विल्यम बोव्ही या भौतिकशास्त्रज्ञाच्या सहकार्याने विद्युतप्रवाहाने ऊती कापण्याचे व रक्त गोठवण्याचे तंत्र मेंदूच्या शस्त्रक्रियेत आणले. त्यानंतर पूर्वी असाध्य म्हणून सोडून दिलेल्या रुग्णांना त्यांनी पुन्हा बोलावून घेतले. त्यांची नावे व पत्ते वहीत होते म्हणूनच हे शक्य झाले.

बॉस्टन येथील पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात हार्वर्डचे प्राध्यापक म्हणून ते १९१२ मध्ये गेले. त्याच वर्षी पीयूषिका म्हणजे पिट्युइटरी ग्रंथीवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९१७ मध्ये श्रवणाच्या मज्जातंतूवरील गाठींविषयीचा ग्रंथ आला. मेंदूच्या आवरणांतून वाढणाऱ्या गाठींना १९२२ मध्ये त्यांनी दिलेले मेनिंजिओमा हे नाव आज जगभर रूढ आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्स व फ्लँडर्सच्या आघाडीवर त्यांनी डोक्यात गोळ्यांचे तुकडे घुसलेल्या सैनिकांवर उपचार केले. तेथील धामधुमीतही त्यांची वही चालूच होती. १९१७ च्या तीन महिन्यांत अशा जखमींतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ५४ टक्क्यांवरून २९ टक्क्यांपर्यंत उतरले. त्या काळात नवे औषध सापडले नव्हते. महिन्याच्या अखेरीस मागील हिशेब तपासून पुढील पद्धत सुधारली जात होती, इतकेच.

कुशिंग यांचा सर्वांत दूरगामी ग्रंथ १९२६ मधला. पर्सिव्हल बेली या सहकाऱ्याबरोबर त्यांनी मेंदूच्या स्वतःच्या ऊतींतून निघणाऱ्या चारशेहून अधिक गाठी तपासल्या आणि पेशींच्या स्वरूपावरून त्यांचे प्रकार पाडले. तसे वर्गीकरण इतरांनीही केले असते. परंतु कोणत्या प्रकारची गाठ असलेला रुग्ण शस्त्रक्रियेनंतर किती काळ जगला, याची जोड त्यांनी प्रत्येक प्रकाराला दिली. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखालील चित्र पाहून रुग्णाच्या भवितव्याविषयी काही सांगणे प्रथमच शक्य झाले. मेंदूच्या अर्बुदांवर उपचार करणारी जी स्वतंत्र शाखा आज शल्यविशारद, किरणोपचारतज्ज्ञ आणि औषधोपचारतज्ज्ञ मिळून चालवतात, तिचे बीज या जोडणीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे २०२१ चे वर्गीकरण पेशींबरोबर जनुकांतील बदलही विचारात घेते. पण गाठीचे नाव आणि रुग्णाचे आयुष्य यांची सांगड घालण्याची रीत तीच आहे. ती सांगड घालता आली, कारण घरी गेलेल्या रुग्णांचा माग कोणीतरी सोडला नव्हता.

दीर्घकाळ माग ठेवण्याचे महत्त्व एका प्रसिद्ध रुग्णाच्या हकिकतीवरून स्पष्ट होते. लेनर्ड वुड या अमेरिकन सेनानीच्या मेंदूच्या आवरणावरील गाठ कुशिंग यांनी १९१० मध्ये काढली. वुड बरे झाले, अमेरिकन लष्कराचे प्रमुख म्हणून त्यांनी काम केले आणि पुढे फिलिपाइन्सचे गव्हर्नर जनरल झाले. कोणीही ही शस्त्रक्रिया पूर्ण यशस्वी म्हणून प्रकरण मिटवले असते. परंतु गाठ हळूहळू पुन्हा वाढत होती. १९२७ मध्ये वुड परत आले, कुशिंग यांनी पुन्हा शस्त्रक्रिया केली आणि त्यानंतर काही तासांतच रुग्णाचा अंत झाला. सतरा वर्षांनंतर आलेले हे अपयश कुशिंग यांच्या मनाला फार लागले.

या सर्व दप्तराची खरी राखणदार एक स्त्री होती, हे आवर्जून नमूद केले पाहिजे. लुईस आयझेनहार्ट या १९१५ मध्ये कुशिंग यांच्याकडे लेखनसाहाय्यक म्हणून आल्या. नोकरी करता करता त्यांना विषयाची गोडी लागली, त्यांनी रीतसर वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १९२५ मध्ये पदवी मिळवून त्या मेंदूच्या गाठींच्या अव्वल दर्जाच्या तज्ज्ञ बनल्या. शस्त्रक्रियांचा निकाल त्या एका छोट्या काळ्या वहीत टिपून ठेवीत. पुढे १९४४ मध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियेवरील अमेरिकन नियतकालिकाच्या त्या पहिल्या संपादक झाल्या. मेनिंजिओमांवरील १९३८ चा बृहद्ग्रंथ दोघांच्या नावे आहे. त्यात ३१३ रुग्णांचा वृत्तान्त आलेला आहे.

१५ एप्रिल १९३१ रोजी कुशिंग यांनी सिद्ध झालेल्या गाठीवरील दोन हजारावी शस्त्रक्रिया केली. पुढच्या वर्षी त्या दोन हजार रुग्णांचा ताळेबंद त्यांनी मृत्यूच्या टक्केवारीसह पुस्तकरूपाने जगापुढे ठेवला. जेथे पूर्वी रुग्ण वाचणे हा अपवाद होता, तेथे आता शस्त्रक्रियेतील मृत्यूचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आले होते. प्रतिजैविके नव्हती, सीटी स्कॅन वा एमआरआय नव्हते, तेव्हाची ही गोष्ट आहे. पीयूषिका ग्रंथीच्या ज्या विकाराला आज कुशिंग यांचे नाव आहे, त्याचे वर्णनही १९३२ मधलेच.

हा माणूस सर्वगुणसंपन्न होता, असे मात्र समजण्याचे कारण नाही. सहायकांशी त्यांची वागणूक कित्येकदा निष्ठुर असे. वॉल्टर डँडी या तितक्याच बुद्धिमान शिष्याशी त्यांचे पटले नाही. डँडी यांनी १९१८ मध्ये मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरण चित्र काढण्याची पद्धत शोधली, तिचे मोल मान्य करण्यास कुशिंग यांनी विलंब लावला. घराकडे त्यांचे दुर्लक्ष होई. थोरला मुलगा १९२६ मध्ये मोटार अपघातात गेला, त्या दिवशी वार्ता कळल्यानंतरही ते ठरलेली शस्त्रक्रिया करण्यास गेले. याला कर्तव्यनिष्ठा म्हणावे की कठोरपणा, हे ज्याचे त्याने ठरवावे. सर विल्यम ऑस्लर यांचे दोन खंडांतील चरित्र लिहून १९२६ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळवणारा हा लेखक आपल्या भावना मात्र फारशा उघड करीत नसे.

हार्वर्डमधून निवृत्त झाल्यावर ते येलला परतले. गाठींच्या बरण्या, छायाचित्रांच्या काचा आणि रुग्णांची कागदपत्रे यांचा सर्व संग्रह त्यांच्या मागोमाग तेथे नेण्यात आला. ७ ऑक्टोबर १९३९ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात त्यांच्याच मेंदूत एक लहानशी निरुपद्रवी गाठ आढळली. सुमारे बावीसशे रुग्णांचा तो संग्रह पुढे एका विद्यार्थी वसतिगृहाच्या तळघरात विस्मृतीत पडून राहिला. १९९० च्या दशकात काही विद्यार्थ्यांच्या दृष्टीस तो पडला आणि २०१० मध्ये त्याचे दालन येलमध्ये खुले झाले. हिशेबाची आठवण समाज किती लवकर विसरतो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

कुशिंग यांचा मित्र कॉडमन याच्या वाट्याला तर याहून वाईट आले. प्रत्येक रुग्णालयाने प्रत्येक रुग्णाचा अंतिम निकाल वर्षभराने तपासून प्रसिद्ध करावा, अशी मागणी तो करीत राहिला. रुग्णालयांना ती मानवली नाही आणि बॉस्टनच्या वैद्यकवर्तुळात तो एकाकी पडला. ज्या धंद्यात अपयश दडवता येते, त्या धंद्यात हिशेब मागणारा माणूस अप्रिय होतो, हे अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला नव्याने सांगावयास नको.

कुशिंग यांची परंपरा आपल्या देशातही पोहोचली. त्यांच्या हाताखाली उमेदवारी केलेले वाइल्डर पेनफिल्ड माँट्रियलला गेले, पेनफिल्ड यांच्या संस्थेत डॉ. जेकब चांडी शिकले आणि चांडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोर येथे देशातील पहिला मेंदूशल्यविभाग सुरू केला. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कार्यरत होतेच. शस्त्राची परंपरा अशी आली, तशी वहीचीही आली. १९६३ मध्ये मुंबईत कर्करोग नोंदणीचे काम सुरू झाले आणि १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी उभी राहिली. ग्रामीण रुग्ण रुग्णालयात येतच नाही, तेव्हा दप्तर घेऊन बसण्यात अर्थ नव्हता. म्हणून बार्शीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून लोकांना लक्षणे समजावून सांगितली आणि रुग्ण शोधले.

बार्शीचे हे उदाहरण कवठे महांकाळला परके वाटण्याचे कारण नाही. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १९२७ पासून मिरजेपर्यंत धावू लागली, ती कवठे महांकाळवरूनच. दोन्हीकडचा दुष्काळ एकच, स्थलांतरही तेच. बार्शीत जे जमले, ते येथे न जमण्यासारखे नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांमुळे गरीब कुटुंबाला शस्त्रक्रियेचा खर्च आज झेपू शकतो, ही मोठीच गोष्ट आहे. परंतु मेंदूतील गाठीचा उपचार शस्त्रक्रियेपाशी संपत नाही. साधी गाठ वर्षांनी पुन्हा वाढू शकते, हे वुड यांच्या उदाहरणावरून दिसते. ग्लिओब्लास्टोमासारख्या दुष्ट गाठीत किरणोपचार व औषधे देऊनही बहुतेक रुग्णांचे आयुष्य एक-दीड वर्षापलीकडे जात नाही, आणि तेथे तर प्रत्येक तपासणी मोलाची. या तपासणीचा खर्च म्हणजे केवळ डॉक्टरची फी नव्हे. एस.टी.चे भाडे, सोबत्याची बुडालेली मजुरी आणि छाटणीच्या दिवसांत रिकामी राहिलेली बाग हे सर्व त्यात धरावे लागते. तो खर्च कुटुंबाच्या माथी मारून रुग्ण आला नाही म्हणून त्यालाच दोष देणे न्यायाचे नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राने शस्त्रक्रिया होऊन परतलेल्या रुग्णाचे नाव आपल्या वहीत घ्यावे, आशा कार्यकर्तीने ठरावीक मुदतीने त्याच्या घरी जाऊन प्रकृतीची नोंद करावी, ती नोंद मोठ्या रुग्णालयाकडे पोहोचवावी आणि गरज असेल तेव्हाच रुग्णाला प्रवास घडवावा, इतकी व्यवस्था काही अशक्य कोटीतील नाही. तिला नवी इमारत लागत नाही, महागडे यंत्र लागत नाही.

कुशिंग यांनी आपल्या रुग्णांकडून दर वर्षी पत्र मागवले, ते सौजन्यापोटी नव्हे. पत्र आले नाही तर पुढच्या रुग्णाला काय सांगावे, हे त्यांना कळले नसते. पूर्व भागातील गावात शस्त्रक्रिया होऊन परतलेला एखादा शेतकरी दोन वर्षे जगला की वीस, हे रुग्णालयाला कळत नाही तोवर त्याच्यामागून येणाऱ्या शेतकऱ्याच्या उपचाराला त्या अनुभवाचा उपयोग होणार नाही. त्याच्या नावापुढचा रकाना भरणे हे तालुक्याचे काम आहे आणि ते तालुक्यातच सुरू झाले पाहिजे.